काच लावली म्हणून धूर अडत नाही

सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढायला बंदी असावी का, हा वाद लोक अजून नव्याने घालतात. अहो, बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर आहे! काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तर २००१ सालीच आदेश दिला होता. तरी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतोय.

रस्त्यावर ओढली तर दंड होतो का?

मोकळा रस्ता कायद्यातल्या 'सार्वजनिक जागे'च्या व्याख्येत येत नाही, पण बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, स्टेडियम येतात. दंड २०० रुपयांपर्यंत.

बिडी पानाची असते, म्हणजे सिगरेटपेक्षा नैसर्गिक ना?

नाही. आत तंबाखूच असते.

मी हॉटेलात वेटर आहे. स्वतः कधी ओढली नाही, पण ड्युटी स्मोकिंग झोनमध्ये असते. तीन महिने खोकला आहे, मेडिकलवाल्याकडून सिरप घेतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मालक म्हणतात एक्झॉस्ट जोरदार आहे, काही होत नाही.

तीन महिने? खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, आणि तुम्ही तीन महिने मेडिकलवाल्याला डॉक्टर करून बसलात. उद्याच जा. थुंकी आणि एक्स-रे आधी, मग छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजायची टेस्ट. टीबी आहे, दमा आहे की धुराचाच त्रास आहे, हे इथे बसून मी सांगू शकत नाही आणि सिरपची बाटली तर नाहीच नाही.

आता मालकांचं. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त सीटचं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच स्मोकिंग झोन ठेवायची सूट आहे. तीही चारी बाजूंनी भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि हवा थेट बाहेर टाकायची सोय असेल तर. पडदा ओढून चार टेबलं बाजूला काढली की झोन होत नाही. आणि नियमांतल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या जागेत कसलीही सर्व्हिस द्यायला मनाई आहे, म्हणजे तुम्हाला ट्रे घेऊन आत पाठवणं हेच मुळात चूक आहे. हे कितीतरी मालकांना माहीत नसतं, किंवा असतं आणि ते सांगत नाहीत. एक्झॉस्टने वास कमी होतो, धोका संपत नाही. दुसऱ्याच्या धुराची 'एवढी चालेल' अशी सुरक्षित पातळीच नाही, त्यात कॅन्सर करणारी डझनावारी रसायनं असतात, आणि तो धूर गिऱ्हाईक अर्धा तास घेतं तर तुम्ही अख्खी शिफ्ट घेता. माझं विचाराल तर ही झोनची सूटच काढून टाकावी. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे, ते आधी बघा. मालकांशी बोलताना तपासणीचे कागद हातात असू द्या.

शेजारचे काका बाल्कनीत ओढतात, धूर आमच्या बाळाच्या खोलीत येतो. एअर प्युरिफायर घेऊ का?

दुकानदार घ्या म्हणणारच! प्युरिफायरच्या फिल्टरने धुळीचे कण थोडे कमी होतील, पण कार्बन मोनॉक्साइड तो अडवत नाही. स्वतःचा फ्लॅट कायद्याने सार्वजनिक जागा नाही, त्यामुळे आधी काकांशी गोडीत बोला, नाही जमलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या. बाळाला छातीत घरघर, वारंवार सर्दी किंवा कानदुखी असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, 'दात येतायत म्हणून' असं म्हणून थांबू नका.

व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगरेटमध्ये, नुसती वाफ असते ना?

नसते, बहुतेकांत निकोटीनही असतं. विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळ्यावर २०१९ पासून बंदी आहे.

मिस्टरांच्या चहात गुपचूप टाकायचं व्यसनमुक्तीचं चूर्ण ऑनलाइन मिळतं. चालेल?

अजिबात नाही. त्या पुडीत काय आहे ते विकणाराही धड सांगत नाही, आणि मिस्टरांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर काय होईल कोण जाणे. सोडायचं त्यांनी स्वतः ठरवायला हवं. निकोटीनचा च्युइंग गम उपयोगी पडतो, पण किती ताकदीचा आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून, विशेषतः हार्टचा त्रास असेल तर. सरकारची फुकट क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन मात्र त्यांनाच लावू द्या.