मुंबईत सगळंच विकत आणतात का?

प्रिय सई,

फोनवर तू विचारलंस, "शाळेत अन्न मिळवणारे शिकारी, पशुपालक, शेतकरी शिकवले. पण आजीकडे मुंबईत तर सगळे विकतच आणतात ना?" नाही गं, सगळे नाही. आजीला सांग, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात घेऊन जा.

तिथली डोल बघ. डोल म्हणजे शेपटाकडे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं. ते माशांमागे धावत नाही. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत शिरतात. पाणी थबकलं की लगेच जाळं उचलायचं. उशीर झाला तर ओढ उलटी फिरते आणि म्हावरं, म्हणजे मासळी, निसटतं. म्हणून कोळ्याला तिथी पाठ हवी. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहा वाजता. करून बघ! पुनवेला-अवसेला उधाण, ओढ जोराची, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी संथ आणि जाळं रिकामं.

सध्या मात्र होड्या किनाऱ्यावर दिसतील. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते; या दिवसांत बरीच मासळी अंडी घालते, शिवाय समुद्र खवळलेला. मग खायचं काय? आजीच्या डब्यातले सुके बोंबील! ओला बोंबील जवळजवळ सगळा पाणीच, एका दिवसात नासतो. म्हणून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीच्या, म्हणजे वाळवणाच्या मांडवाच्या, दोरीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. मध्येच पाऊस आला तर बुरशी धरते, सगळा माल जातो.

शेतकरी आणि गोठेवाले तुला इतरत्रही दिसतील. रानातून वेचून आणलेली शेवळं ही रानभाजी मात्र आत्ताच मिळेल, कारण ती पहिल्या पावसाच्या सुमारासच उगवते. आदिवासी बायका बाजारात जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडं नावाची हिरवी आंबट फळं. दोन्ही एकत्रच घ्यायची. शेवळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. वरचं आवरण सोलून आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकी बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं, बिया काढून, वाटून, त्यांचा रस घालायचा.

पहिला घास लहान घे. घसा खाजलाच तर आजीला सांग, काकडं कमी पडली.

तुझी आई