एकही हप्ता चुकलेला नाही, तरी इंग्लंडमधल्या बँका रिमॉर्गेज का नाकारतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिक्स्ड डील (ठरावीक वर्षं एकच व्याजदर) फेब्रुवारीत संपतंय, पत्नीची नोकरी गेलीय, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचंय (रिमॉर्गेज), तिचा दर कमी आहे, पण ती म्हणते ‘अफोर्डेबिलिटीत बसत नाही’. जास्तीचा हप्ता बिनबोभाट भरणाऱ्याला कमी हप्ता परवडणार नाही, हे कुठलं गणित?

नेमकं हेच मी २०१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनशेजारच्या स्लाऊ गावात, हाय स्ट्रीटवरच्या एका बँकेत, बिनखिडकीच्या खोलीत बसून, जरा चढ्या आवाजात विचारलं होतं. म्हणून लिहायला बसलोय. एरवी कर्जाच्या प्रश्नांना मी हात लावत नाही.

गणित सांगतो. २६ एप्रिल २०१४ पासून इथे मॉर्गेज मार्केट रिव्ह्यूचे, म्हणजे घरकर्ज देण्याचे नवे नियम लागू झाले. तोवर बहुतेक ठिकाणी पगाराची पट बघून कर्ज मिळायचं. मग पगारातून घरखर्च वजा करून उरतं किती, आणि व्याज सहा-सात टक्क्यांवर गेलं तर त्या उरलेल्यात हप्ता बसतो का, हे बघायला लागले. म्हणजे तुम्ही आज भरणार तो हप्ता कुणी तपासतच नाही. कदाचित कधी भरावा लागेल तो तपासतात. जुना कर्जदार रक्कम वाढवून मागत नसेल तर ही तपासणी सोडून द्यायची मुभा नियमात होती. मुभा होती, सक्ती नव्हती. मी तीन बँकांची दारं झिजवली, एकीलाही ती मुभा आठवली नाही.

आमचं घर २००७ च्या जूनमधलं. २,२१,००० पौंडांचं टेरेस, कर्ज २,१०,०००, मुदत तीस वर्षं. तेव्हा खर्च किती हे मला कुणी विचारलं नाही. फोनवर चाळीस मिनिटं, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, काम झालं. तीन महिन्यांनी नॉर्दर्न रॉक या बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा टीव्हीवर बघितल्या. आमची बँक ती नव्हती, पण पुढल्या वर्षी आमच्या बँकेनेही नवीन कर्जं देणं बंद केलं आणि जुनी कर्जं कुठल्याशा गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. त्या कंपनीकडे नवीन डील नावाचा प्रकारच नाही. तिच्याकडे एकच दर, एसव्हीआर (डील संपल्यावर लागणारा, कर्ज देणारा ठरवेल तसा बदलणारा दर), आणि आमच्याकडे तो पाच टक्क्यांच्या आसपास. बँक ऑफ इंग्लंडचा दर अर्धा टक्का असताना.

२०१४ मध्ये घराची किंमत सावरली, म्हणून रिमॉर्गेजला निघालो. १,८७,००० बाकी होते. हप्ता ११४० पौंड. नवीन डीलवर तो ९०० झाला असता. म्हणजे महिन्याला २४० वाचणार. बायको तेव्हा आठवड्यातून दोन दिवस कामावर, धाकटी नर्सरीत आणि नर्सरीची फी नऊशे.

मुलाखत दोन तास चालली. समोरचा मुलगा पंचविशीचा, वागायला चांगला. जिमला जाता का, केस कुठे कापता, सुट्टीला कुठे जाता, सगळं विचारलं. (केस बायको कापते म्हटल्यावर त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि शून्य टाइप केलं.) मग तीन महिन्यांची स्टेटमेंट्स काढली आणि पिवळ्या हायलायटरने एक ओळ रंगवली. दर दोन तारखेला २०० पौंड. रेफरन्सच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘आई’.

“ए-ए-आय. ही कुठली फायनान्स कंपनी?”

मी सांगितलं, कंपनी नाही, आमची आई. वाईला असते. तो हसला, सॉरी म्हणाला आणि स्क्रीनकडे बघून पुढचा प्रश्न वाचला: हा खर्च बंधनकारक की ऐच्छिक?

बायकोने टेबलाखालून पाय दाबला. मी बंधनकारक म्हणालो. त्याने तसं टाइप केलं. सात टक्क्यांनी आमचा हप्ता साडेतेराशेच्या वर जात होता. नर्सरी वजा, आई वजा, तर खाली लाल आकडा. नमस्कार.

इथवर चूक बँकेची. पुढची माझी. ओळखीतल्या एका ब्रोकरने सल्ला दिला की तीन महिने ते दोनशे पाठवू नका, स्टेटमेंट स्वच्छ दिसलं की दुसरीकडे अर्ज करू. बायकोचा भाऊही तेच म्हणाला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मी पैसे पाठवले नाहीत. आईला सांगितलं, बँकेत काहीतरी गडबड आहे. तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याचे वीस हजार. आईचं इन्सुलिन, सोबतीला राहणाऱ्या मावशींचा पगार, लाईट बिल, सगळं दादाने भरलं. डिसेंबरात सहाशे एकदम पाठवले. आणि अर्ज? तोही फेटाळला. नर्सरीची फी एकटीच पुरेशी होती, आईला वगळून काही फरक पडणारच नव्हता. एवढा हिशोब ब्रोकरने आधी करायला हवा होता. साडेतीनशे पौंड फी मात्र त्याने आधीच घेतली होती.

दादाला खरं कारण पुढच्या गणपतीत कळलं. आरतीनंतर, ओसरीवर, चार माणसांत तो म्हणाला, “आईचं औषध माझ्या पगारातून, आणि याचं घर लंडनात.” स्लाऊ लंडन नाही, हे त्याला आजतागायत पटलेलं नाही. ते सोडा. पण ‘मुळात तिकडे घर घेतलंसच कशाला, भाड्याने राहायचं आणि पैसे इकडे आणायचे’ हे त्याचं २००७ पासूनचं पालुपद. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, इथे देतो. २०१८ मध्ये बायको पूर्णवेळ कामावर लागली, नर्सरी सुटली आणि मगच आमची त्या कंपनीतून सुटका झाली. चार वर्षं, महिन्याला २४० पौंड, म्हणजे साडेअकरा हजार जादा भरले. ते चैनीत गेले नाहीत आणि हप्ता एकदाही चुकला नाही. आणि भाड्याने राहिलो असतो तर घरमालकाने भाडं वाढवताना माझी अफोर्डेबिलिटी तपासली नसती. तीन महिन्यांबद्दल मात्र दादा बरोबर होता. हे त्याला तोंडावर सांगितलेलं नाही.

आता तुमचं. दुसऱ्या बँकेचा नाद तूर्त सोडा, आहे त्याच बँकेत प्रॉडक्ट ट्रान्सफर, म्हणजे नवीन डील मागा. हप्ते वेळेवर असतील आणि रक्कम वाढवायची नसेल तर २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर (कर्जदारांना मदत करायचा बँकांचा सरकारशी झालेला करार) सह्या केलेल्या बँका नव्याने उत्पन्न न तपासता नवीन डील देतात. संपायच्या काही महिने आधी दर पक्का करता येतो आणि सुरू व्हायच्या आत कमी दर आला तर तो घेता येतो. बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. फेब्रुवारीची वाट बघत एसव्हीआरवर घसरू नका, तो फार महाग पडतो. आणि २०२१ मध्ये दीड टक्क्याने मिळालं होतं म्हणून उसासे टाकू नका, तो दर परत येईल असं धरून कोणतंही गणित मांडू नका.

तुमचं कर्ज माझ्यासारखं नवीन कर्जं न देणाऱ्या कंपनीकडे असेल तर गोष्ट वेगळी. अशांना इथे मॉर्गेज प्रिझनर म्हणतात. २०२१ मध्ये एफसीएने, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकानेच मोजून ४७,००० सांगितले होते, हप्ते वेळेवर भरणारे आणि तरी अडकलेले. २०१९ च्या ऑक्टोबरात एफसीएने अशांसाठी सौम्य तपासणी आणली, २०२५ च्या जुलैत बँक बदलणं आणखी सोपं केलं. पण दोन्ही वेळी बँकांना सांगितलं ‘करू शकता’, ‘करा’ नव्हे. म्हणून ब्रोकरला पहिला प्रश्न हाच विचारा, की ही सौम्य तपासणी वापरणाऱ्या बँका कोणत्या. त्याला माहीत नसेल तर दुसरा ब्रोकर बघा. फी काम झाल्यावर द्या.

नियमच मूर्ख आहेत असं मी म्हणत नाही. २००७ मध्ये पगार स्वतःच्या हाताने लिहून कर्ज घेतलेले लोक मला माहीत आहेत, त्यातल्या दोघांची घरं गेली. नवीन येणाऱ्याला दारात अडवायचा नियम आधीच आत बसलेल्यालाही लावला, माझी तक्रार तेवढीच.

आणि स्टेटमेंट स्वच्छ करायच्या भानगडीत पडू नका. आई-वडिलांना पैसे पाठवत असाल तर पाठवत राहा आणि विचारलं तर सांगा. तुमच्यावर कोण अवलंबून आहे हे अर्जात विचारतात, तिथे खोटं लिहिणं म्हणजे सरळ फसवणूक. मी लिहिलं नव्हतं, फक्त ओळ गायब केली होती. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी सल्लागार नाही, आणि माझा अनुभव दहा वर्षांपूर्वीचा आहे, हेही लक्षात घ्या.

एक सांगायचं राहिलं तुमच्या प्रश्नात: तुमची आत्ताची बँक नवीन कर्जं देते का? नाव नको. देते की नाही, एवढंच कमेंटमध्ये लिहा.