पहिली स्प्रिंगची एअर रायफल निवडताना

प्रिय दोस्ता,

तुझी यादी वाचली. पाच रायफली, आणि प्रत्येकीपुढे एकच आकडा ठळक: वेग. तो रकाना आधी खोडून टाक.

का, ते हिशेबाने बघ. आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला २८३ मीटरने सुटला की २० ज्यूल भरतात. मग खोक्यावर '१००० फूट' कसे? ते झाले ३०५ मीटर, म्हणजे त्याच छर्ऱ्याला २३ ज्यूल. असे आकडे बहुधा मिश्रधातूचे हलके छर्रे वापरून काढलेले असतात. तू शिशाचेच मारणार, तेव्हा तो वेग तुला कधी दिसणार नाही. आणि दहा मीटरवरच्या कागदाला त्याची गरजही नाही. १८० मीटरने निघालेला छर्रा तिथवर जाईपर्यंत दीड सेंटिमीटर खाली येतो, पण प्रत्येक वेळी तेवढाच येतो. साईट एकदा लावली की विषय संपला.

जास्त ताकदीचा खरा त्रास नेमाला होतो. ट्रिगर ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, तिच्या जोराने पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते. पुढे दाबलेल्या हवेच्या गादीवर पिस्टन आदळून थबकतो, तशी रायफल पुढे झेपावते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत होतं. स्प्रिंग जितकी दांडगी, तितका हा हिसका मोठा आणि तुझी प्रत्येक चूक कागदावर तितकी ठळक. म्हणून पहिली रायफल ७ ते १२ ज्यूलची घे. वायराउख या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ३० एस याचा उत्तम नमुना: वजन अडीच किलोच्या आसपास आणि 'रेकॉर्ड' नावाचा त्यांचा सुंदर ट्रिगर. तीच मिळायला हवी असं नाही, पण मापदंड तो ठेव. जर्मन रायफलीवर पंचकोनात 'एफ' दिसला तर ती ७.५ ज्यूलच्या आतली समज. त्यात कमीपणा काही नाही.

ब्रेक बॅरल (नळीच मोडून स्प्रिंग ताणायची) की अंडरलिव्हर (नळीखालच्या दांड्याने ताणायची)? अंडरलिव्हरची नळी पक्की बसवलेली असते, त्यामुळे नेम जास्त स्थिर. पण वायराउखच्याच एचडब्ल्यू ९७ सारखी चार किलोची अंडरलिव्हर रायफल शंभर वेळा ताणून बघ, मग बोलू. सुरुवातीला हलकी ब्रेक बॅरलच बरी. मात्र तिची बिजागरी तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नळी बंद असताना मागच्या टोकाजवळ धरून डावी-उजवीकडे हलव. जराही खुळखुळ नको. मग रायफल कॉक करून (स्प्रिंग ताणून) नळी अर्ध्यावर आण आणि पकड किंचित सैल कर, हात तिथेच ठेवून. नळी आहे तिथे थांबली तर बिजागरीचा बोल्ट नीट आवळलेला आहे. स्वतःच्या वजनाने घसरली तर ढिला आहे, आणि ढिल्या नळीचे छर्रे रोज नव्या जागी जातात.

दुसरी तपासणी टिश्यूपेपरची. नळी बंद होते त्या सांध्यावर पातळ पट्टी ठेव, छर्रा भरून सुरक्षित दिशेला झाड. पट्टी उडाली तर सांध्यातलं सील (हवा अडवणारी कडी) हवा सोडतंय. सील स्वस्त असतं, बदलता येतं. पण किंमत ठरवताना हे बोलायला हवं. ट्रिगरला दोन टप्पे हवेत: पहिला मऊ, मग एक ठाम अडथळा, मग स्वच्छ सुटका. घासत घासत सुटणारा ट्रिगर पुढे सुधारेल अशी आशा ठेवू नकोस.

छर्रा भरताना नळी (किंवा अंडरलिव्हरचा दांडा) एका हाताने घट्ट धरलेली असलीच पाहिजे. सुटली तर बोट जातं, नळीही वाकते. रिकामी झाडू नकोस: छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन थेट धातूवर आपटतो. नळीच्या मागच्या छिद्रात तेल टाकायचा मोह आवर. दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं, धूर येतो, ठो असा आवाज येतो, आणि सील-स्प्रिंग दोन्ही खराब होतात. नव्या रायफलीत सुरुवातीला थोडा धूर दिसला तर घाबरू नकोस, ते कारखान्याचं तेल असतं.

दुर्बीण आत्ता नकोच, माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची साईट) आणि मागची साईट पुरे. पुढे घेशील तेव्हा स्प्रिंग रायफलीसाठीच बनवलेली घे. उलटसुलट हिसक्याने साधी दुर्बीण आतून निखळते.

पकड हीच निम्मी रायफल. डावा तळवा उघडा, त्यावर दस्ता नुसता ठेवलेला, आणि रोज त्याच जागी. मुठीत आवळलास किंवा टेबलावर टेकवलास तर मार भटकतो. छर्ऱ्यांचे तीन-चार प्रकार आण. प्रकार बदलला की आधी दहा छर्रे फुकट घालव, मग पाच-पाचचे गट मारून मोज. मागचा घेर वाकलेले छर्रे बाजूला काढ. गट एकाएकी पसरला तर आधी दस्त्याचे स्क्रू बघ, बहुतेक वेळा तेच ढिले झालेले असतात.

लक्ष्यामागे जुन्या चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी आणि तिच्या मागे जाड पत्रा ठेव. छर्रा उलटून यायला नको. पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धू, मगच चहा.

आणि दुकानात जाताना खिशात टिश्यूपेपर असू दे.

तुझा,
एक जुना नेमबाज