अपडेटनंतर बटणं हरवली? काही उपाय करण्याआधी हे वाचा

कोड लिहायच्या साधनाचं मोठं अपडेट आलं की पुढचे काही दिवस माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. मेनू गेला, बटण हललं, रंग बदलले, उजवीकडे न मागितलेलं काहीतरी उघडलं. चिडचिड अगदी रास्त आहे. दिवसाचे आठ-नऊ तास ज्या खिडकीसमोर जातात तिथली मांडणी न विचारता बदलली, की हात अडखळतात आणि डोक्यात धरून ठेवलेला धागा सुटतो. पण त्या चिडचिडीत लोक जे उपाय करतात ते बऱ्याचदा मूळ दुखण्यापेक्षा महागात पडतात. म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न : इंटेलिजे आयडिया अपडेट केल्यावर वरचा मेनू गायब झाला, टूलबारवर नुसती चित्रं उरली. जुनी मांडणी परत आणता येते का? (नाशिक)

येते. इंटेलिजे हे कोड लिहायचं साधन बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने नवी मांडणी २०२२ मध्ये आधी चाचणीसाठी दाखवली आणि २०२४.२ पासून ती सगळ्यांना लावली. जुनी मांडणी 'क्लासिक यूआय' नावाच्या प्लगइनमध्ये (वरून जोडायच्या भागात) आहे. सेटिंग्जमध्ये प्लगइन्स, मग मार्केटप्लेस, तिथून घ्या. दुसऱ्या कुठल्याही साइटवरून नको. फक्त मेनू हवा असेल तर प्लगइनचीही गरज नाही. 'अपिअरन्स' पानावर मुख्य मेनू कायम दिसता ठेवायची सोय आहे, आणि 'कॉम्पॅक्ट मोड' लावला की उगाच सुटलेली जागाही आवरते. मशीन कंपनीचं असेल तर प्लगइन टाकण्याआधी आयटी विभागाला विचारा.

प्रश्न : व्हीएस कोडचा गडद रंग मला पूर्वीसारखा वाटत नाही. डोकं दुखतं. (ठाणे)

भास नाही तो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या एडिटरची मूळ थीम (रंगसंगती) बदलून 'डार्क मॉडर्न' केली. थीमच्या यादीत 'डार्क प्लस' अजून आहे, ती निवडा. अक्षरं फिकी वाटत असतील तर 'हाय काँट्रास्ट' वापरून बघा. आणि डोकेदुखी थांबली नाही तर थीम बदलत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : व्हीएस कोडमध्ये सारखं काहीतरी हलतं. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून अपडेट पूर्ण बंद केलं, होस्ट्स फाइलमध्ये अपडेटचा पत्ताही अडवला. दीड वर्ष जुन्या आवृत्तीवर आहे, काही बिघडलं नाही. टीममधल्या बाकीच्यांनाही हेच सांगू का? (पुणे)

मुळीच सांगू नका. आणि होस्ट्स फाइलमधल्या त्या ओळी आज काढा.

'काही बिघडलं नाही' हे तुम्हाला कळणार कसं? तुमच्या एडिटरकडे तुमच्या रिपॉझिटरीची, म्हणजे कोडच्या साठ्याची, किल्ली असते. ती कुणी पळवली तर पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. जून २०२४ मध्ये जेटब्रेन्सच्या आयडीईंमधल्या (कोड लिहायच्या साधनांमधल्या) गिटहब या कोड ठेवायच्या साइटसाठीच्या प्लगइनमध्ये एक भोक असल्याचं जाहीर झालं. कुणी मुद्दाम रचलेला मजकूर पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या, या विनंतीत) घातला आणि तुम्ही ती आयडीईत उघडली, तर तुमचा ॲक्सेस टोकन (पासवर्डसारखी ती किल्ली) तिऱ्हाईत सर्व्हरकडे जाऊ शकत होता. तुम्ही चूक केली असण्याची गरज नव्हती. सहकाऱ्याचं काम तपासण्यासाठी माणूस जे रोज करतो तेवढंच पुरेसं होतं. त्याच्या आधीच्या महिन्यात कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या खुद्द गिटमध्येच दोष निघाला. विंडोज आणि मॅकवर, सबमॉड्यूल (आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) असलेली मुद्दाम रचलेली रिपॉझिटरी नुसती क्लोन केली, म्हणजे तिची प्रत उतरवली, तरी परका कोड चालू शकत होता. २.४५.१ मध्ये तो दुरुस्त झाला.

आता या दोन्ही वेळी काय झालं ते बघा. गिटने दुरुस्ती आधीच्या आवृत्त्यांच्या मालिकांनाही दिली, थेट २.३९.४ पर्यंत. जेटब्रेन्सने २०२४.१.३ बरोबरच २०२३.१.७, २०२३.२.७ आणि २०२३.३.७ अशाही आवृत्त्या काढल्या. म्हणजे ज्याला २०२३ सालचीच मांडणी हवी होती त्याने फक्त शेवटचा आकडा बदलायचा होता. भोक बुजलं आणि बटणं जागेवर राहिली. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या दुसऱ्या साधनामध्येही काही ठरावीक आवृत्त्यांना दीड वर्ष नुसत्या दुरुस्त्या मिळायची सोय ठेवली होती. हे करता येतं. ज्यांना करायचं असतं ते करतात.

व्हीएस कोडमध्ये मात्र अशी वेगळी वाट नाही. दुरुस्ती ताज्या आवृत्तीला मिळते, आणि त्याच पुडीत टूलबारची नवी मांडणीही बांधलेली असते. माझा राग या बांधाबांधीवर आहे. सुरक्षेची दुरुस्ती घेणं हे प्रोग्रामरचं कर्तव्य आणि मांडणी ही त्याची पसंती. दोन्ही एकत्र बांधली की वैतागलेला माणूस दुसरीला नकार देताना पहिलीलाही नकार देऊन बसतो. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे, आणि असे 'उपाय' सांगून व्ह्यू मिळवणारी मंडळी त्यात तेल ओततात. त्यांच्या व्हिडिओत टोकन, चोरी, दुरुस्ती यांतला एक शब्द तरी होता का?

तुमच्यासाठी मधला मार्ग असा. अपडेट 'नन' ठेवू नका, 'मॅन्युअल' करा. मग वेळ तुम्ही ठरवाल, पण आठवड्यातला एक दिवस त्यासाठी नक्की ठेवा. नवी आवृत्ती आधी वेगळी लावून बघायची असेल तर विंडोजवर झिप फाइल उतरवा, उघडलेल्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा. ती प्रत आपल्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन त्या फोल्डरमध्येच ठेवते, तुमच्या रोजच्या प्रतीला हात लावत नाही. नंतर जे खुपतं ते एकेक बंद करा. वरच्या पट्टीतला शोधचौकोन म्हणजे 'कमांड सेंटर'. स्क्रोल करताना फंक्शनची पहिली ओळ वर चिकटून राहते ती 'स्टिकी स्क्रोल'. डावीकडची चिन्हांची पट्टी म्हणजे 'ॲक्टिव्हिटी बार', तिची जागा बदलता येते किंवा ती लपवताही येते. सेटिंग्जमध्ये ही नावं शोधली की खटका सापडतो. दीड वर्षात तुमच्या मशीनवर काय काय येऊन गेलं हे मी इथून सांगू शकत नाही, तेव्हा कंपनीच्या सुरक्षा टीमला स्पष्ट सांगा आणि टोकन बदलून घ्या.

प्रश्न : उजव्या बाजूला एआय चॅटची खिडकी आपोआप उघडते. कायमची घालवायची आहे. (कोल्हापूर)

व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये 'डिसेबल एआय फीचर्स' शोधा आणि चालू करा. हा पर्याय दिसत नसेल तर तुमची आवृत्ती जुनी आहे.

ज्या गोष्टीचं वर्गणीत रूपांतर होऊ शकतं तिचं बटण नेहमी मोक्याच्या जागी येतं, आणि ते बंद करायचा खटका उशिरा येतो. हे विक्रीचं तंत्र आहे, सोय म्हणून खपवू नये. तुम्ही ग्राहकाचा कोड हाताळत असाल तर खिडकी लपवण्यापेक्षा मोठा प्रश्न करारात काय लिहिलंय हा आहे. तो प्रोजेक्ट मॅनेजरला लेखी विचारा.

प्रश्न : नवीन शॉर्टकट आल्यापासून मनगट दुखतंय. जुना कीमॅप लावला तर थांबेल? (नागपूर)

कीमॅप (शॉर्टकटचा जुना संच) लावा, आणि मनगट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मला जुनीच आवृत्ती आवडायची, ती एका साइटवर क्रॅकसकट मिळाली. चालेल ना? (वाचकाने गाव कळवलेलं नाही)

नाही. काढून टाका. त्या मशीनवरून वापरलेले सगळे पासवर्ड आणि टोकन दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि जाणकाराकडून मशीन तपासून घ्या. जुन्या आवृत्त्या बहुतेक कंपन्या स्वतःच्या साइटवर अधिकृतपणे ठेवतात.

प्रश्न : तक्रार करून कधी काही होतं का? मोठ्या कंपन्या ऐकत नाहीत म्हणतात. (डोंबिवली)

ही ऐकीव गोष्ट आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ आठवा. वरच्या मेनूपट्टीतली सगळी अक्षरं कॅपिटल केली होती, आणि चाचणीच्या आवृत्तीत चिन्हांचे रंगही काढून टाकले होते. प्रोग्रामर तुटून पडले. काही रंग अंतिम आवृत्ती यायच्या आधीच परत आले. कॅपिटल अक्षरांसाठी सुरुवातीला विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद घालावी लागायची, आणि २०१५ च्या आवृत्तीत साधी अक्षरं हीच मूळ मांडणी झाली.

पण तक्रार नेमकी हवी. 'भिकार डिझाइन' एवढंच लिहिलं तर ते कुणी वाचत नाही. कुठलं काम, आधी किती क्लिक, आता किती, हे लिहा. तीच तक्रार आधी कुणी नोंदवली असेल तर तिथे अंगठा द्या. खाली 'मी पण' लिहून काही मोजलं जात नाही. व्हीएस कोडमध्ये नव्या मागणीला ६० दिवसांत २० अंगठे मिळाले तरच ती विचारात राहते. आणि मागायचं काय, तर गिटने केलं ते. ऑगस्ट २०१९ मध्ये 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या नव्या आज्ञा आल्या, पण तीच कामं करणाऱ्या जुन्या 'चेकआउट'ला हात लावला नाही. ज्याला नवं हवं त्याने नवं घेतलं, बाकीच्यांची बोटं आणि स्क्रिप्ट पूर्वीसारख्या चालत राहिल्या.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकवते. प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमधले स्क्रीनशॉट दर सत्रात जुने होतात. मुलं म्हणतात, 'मॅडम, हे बटण आमच्याकडे नाहीच.' (सांगली)

मॅडम, स्क्रीनशॉट कमी करा आणि आज्ञेचं नाव लिहा. 'वरच्या कोपऱ्यातलं तिसरं बटण' बदलतं, पण व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून 'गिट क्लोन' लिहिणं बदलत नाही. इंटेलिजेत त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट, ए आहे, व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल, क्यू. पहिल्या दोन प्रॅक्टिकल टर्मिनलवरच (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) करून घेतल्या तर मुलांना बटणामागे काय घडतं हेही कळेल. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर सत्रभर एकच आवृत्ती ठेवा आणि मोठं अपडेट सुट्टीत घ्या. सुरक्षेची दुरुस्ती मात्र सुट्टीची वाट बघत ठेवू नका. बाह्य परीक्षकांना मॅन्युअलमधला बदल चालेल का, हे विभागप्रमुखांशी बोलून ठरवा.

प्रश्न : आमच्या टीमला नवीन एक्सकोडची मांडणी आवडत नाही, म्हणून वर्षभर जुनंच चालू आहे. आता ॲप स्टोअर ॲप घेत नाही. जुन्यावरूनच काही करता येईल का? (बंगळुरू)

नाही. एक्सकोड हे ॲपलचं ॲप बनवायचं साधन. ॲप स्टोअरसाठी २४ एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६ किंवा त्यापुढची आवृत्ती सक्तीची झाली, आणि ही अट पुढे सरकत राहते, मागे येत नाही. वर्षभर थांबून तुम्ही फक्त एका आठवड्याचं काम शेवटच्या रात्रीवर ढकललंत.

आता असं करा. ॲपलच्या डेव्हलपर साइटवरून नवी आवृत्ती उतरवा आणि वेगळं नाव देऊन जुनीशेजारीच ठेवा. टर्मिनलवर 'एक्सकोड-सिलेक्ट'ने कुठली वापरायची ते ठरवता येतं. प्रोजेक्ट नव्यात उघडण्याआधी गिटमध्ये वेगळी शाखा (कोडची स्वतंत्र वाट) काढा. एक्सकोड १६ ला मॅकओएस १४.५ तरी लागतं आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना आणखी नवं, तेव्हा प्रत्येक मॅक ते घेतो का हे आधी तपासा. एखादा घेत नसेल तर खरेदीला वेळ जाईल, म्हणून मॅनेजरशी आजच बोला.