मागच्या तारखेचं अधिकारपत्र घेऊ नका

प्रश्न : मी उरण तालुक्यात राहतो, वय ५७. कस्टम्स ब्रोकरचं (दुसऱ्यांच्या मालाचं कस्टम्सचं काम करून देण्याचं) लायसन माझ्या एकट्याच्या नावावर आहे, मुंबईतून मिळालेलं. काम बहुतेक न्हावा शेव्याला. मुलगा बी.कॉम. आहे आणि तीन वर्षांपासून माझ्याकडेच जी-कार्डवर (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला कस्टम्सकडून मिळणारं ओळखपत्र) काम करतो. गेल्या वर्षी ओळखीच्या एका फॉरवर्डरने (माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणारा) तयार कपड्यांचे तीन एक्स्पोर्टर आणले. कागद तोच आणायचा आणि शिपिंग बिलामागे (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा दस्तऐवज) ठरलेली रक्कमही तोच द्यायचा. गर्दीच्या दिवसांत माझं डिजिटल सहीचं टोकन त्याच्या ऑफिसात असायचं. आता ते एक्स्पोर्टर पत्त्यावर सापडत नाहीत म्हणून लायसन निलंबित झालंय. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, शिवाय एसआयआयबीचं (कस्टम्सची तपास शाखा) समन्स आलंय. फॉरवर्डर म्हणतो, ‘काळजी करू नका, तिघांची अधिकारपत्रं आणि केवायसी मागच्या तारखेने करून देतो.’ घ्यावीत का? लायसन कायमचं जाईल का? आणि मुलाच्या नावावर करून घेता येईल का?

उत्तर : घेऊ नका. त्याने ती व्हॉट्सॲपवर पाठवलीच असतील तर डिलीट करू नका, पण फाइलला लावूही नका. तो मेसेज जसाच्या तसा राहू द्या. असं काही करून देण्याचा प्रस्ताव त्याच्याकडून आला, हे दाखवणारा तोच एक पुरावा तुमच्याकडे आहे.

आज तुमच्यावरचा आरोप काय आहे ते पाहा. कस्टम्स ब्रोकर्स लायसनिंग रेग्युलेशन्स, २०१८ यातल्या नियम १० प्रमाणे प्रत्येक ग्राहकाकडून अधिकारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने काम करण्याची लेखी परवानगी, घ्यायचं असतं आणि त्याची ओळख पडताळायची असते. ते झालं नाही, असं कस्टम्स विभाग म्हणतो. ही चूक आहे, मोठी आहे, पण ती न केलेल्या कामाची चूक आहे. मागच्या तारखेचं पत्र सुनावणीत दिलंत की प्रकरण बदललं. जाणूनबुजून खोटा कागद वापरला तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय साधा हिशोब करा. विभागाचं म्हणणं आहे की हे एक्स्पोर्टर अस्तित्वातच नाहीत. तुम्ही त्यांच्या सहीचं पत्र काढून दाखवलंत की अधिकारी पुढचं विचारणार, ‘मग हा माणूस तुम्हाला कुठे भेटला?’ तेव्हा काय सांगाल? आज तुम्ही निष्काळजी ठरता, त्या पत्रानंतर सामील ठराल.

दुसरं काम आजच करा. ते टोकन अजून त्याच्याकडे असेल तर परत आणा. परत मिळत नसेल तर ज्या कंपनीने प्रमाणपत्र दिलं तिला लेखी कळवून ते रद्द करा आणि आयसगेटचा (कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल) पासवर्ड बदला. २०१६पासून ब्रोकरमार्फत जाणाऱ्या दस्तऐवजांवर डिजिटल सही सक्तीची आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ती सही आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीच्या मालकाची. त्या टोकनने झालेली प्रत्येक फाइल कायद्याच्या नजरेत तुमची आहे.

आता मूळ मुद्दा. फॉरवर्डरने काम आणलं, कागद त्याच्या हातून आले, एवढ्याने गुन्हा होत नाही. न्हावा शेव्याचं निम्मं काम तसंच चालतं. ग्राहक स्वतः तुमच्या दारात आलाच पाहिजे असं नियम म्हणत नाहीत आणि न्यायाधिकरणानेही (कस्टम्सच्या आदेशांवरची अपिलं ऐकणारं) एकाहून अधिक प्रकरणांत हे मान्य केलंय. कागद कोणाच्याही हातून येवोत, अधिकार मात्र एक्स्पोर्टरचा हवा आणि काम तुम्ही स्वतः किंवा विभागाने मान्य केलेल्या तुमच्या कर्मचाऱ्याने केलेलं हवं. फॉरवर्डरच्या ऑफिसातला पोऱ्या यांपैकी कोणीच नाही. त्याने तुमचं टोकन लावून बिल फाइल केलं असेल तर त्याला धंद्याच्या भाषेत लायसन भाड्याने देणं म्हणतात. लायसन व्यक्तीला दिलेलं असतं, ते विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, हे नियम १ मध्येच लिहिलंय. हे सर्रास चालतं हे मला ठाऊक आहे. आयुक्तांनाही ठाऊक आहे, म्हणून सुनावणीत ‘सगळेच करतात’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

तुमच्या तीन एक्स्पोर्टरांवर विभाग एवढा का उठलाय, हेही समजून घ्या. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून केलेल्या निर्यातीत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ९६ची ती व्यवस्था आहे. वेगळा अर्ज नाही. बोगस बिलांवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उभं करायचं, त्यातून आयजीएसटी भरल्याचं दाखवायचं, हलका माल फुगवलेल्या किमतीने बाहेर पाठवायचा आणि परतावा खात्यात पडला की ऑफिसला कुलूप लावायचं, असा हा प्रकार. त्या साखळीत नाव, पत्ता आणि लायसन असलेला, सहज सापडणारा माणूस म्हणजे ब्रोकर.

ओळख पडताळण्याबद्दल मात्र तुमची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. नियम १०(एन) म्हणतो की आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) बरोबर आहेत ना, ग्राहक कोण आहे, दिलेल्या पत्त्यावर तो काम करतो ना, हे विश्वसनीय, स्वतंत्र आणि अधिकृत कागदपत्रांवरून तपासा. म्हणजे कागदांवरून. २०१०च्या केवायसी परिपत्रकातही कागदांची यादी देऊन त्यातले कोणतेही दोन पुरेत असं म्हटलंय. ब्रोकरने प्रत्येक ग्राहकाच्या गोदामापर्यंत जाऊन यावं अशी अपेक्षा नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने कुणाल ट्रॅव्हल्स प्रकरणात २०१७ साली सांगितलं. दिल्लीच्या न्यायाधिकरणाने नंतर अशाच ‘पत्त्यावर सापडत नाही’ छापाच्या प्रकरणांत त्याच धर्तीवर अनेक लायसनं वाचवली. आयईसी डीजीएफटीने (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) दिला, जीएसटी नोंदणी सरकारनेच केली, त्या दिवशी दोन्ही चालू होत्या, मग ब्रोकरने त्यावर विश्वास ठेवला तर तो दोषी कसा, हा त्यामागचा युक्तिवाद.

पण ही ढाल तपासणी खरोखर केलेल्यालाच मिळते. त्या वेळी पोर्टलवरून काढलेला जीएसटीआयएनचा प्रिंट आहे का? त्यावर तारीख आहे का? पॅन, आयईसी कोणत्या ईमेलने आले? तुमच्या कॉम्प्युटरवर, मुलाच्या मेलबॉक्समध्ये, बँकेच्या खात्यात शोधा. कागद पाच वर्षं जपायचे असा नियम आहे, त्यामुळे ‘सापडत नाही’ हे उत्तर चालणार नाही.

सुनावणीआधी प्रत्येक शिपिंग बिलासाठी एक ओळ असा तक्ता करा. नमुन्यादाखल एकच बिल घ्या. इन्व्हॉइस कोणत्या मेलवरून आलं, चेकलिस्ट (बिलाचा कच्चा मसुदा) कोणी बनवली आणि ‘ओके’ कोणी दिलं, ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन देण्याची सोय) कागद किती वाजता चढले, त्या वेळी टोकन कोणाकडे होतं, माल कोणत्या सीएफएसला (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) गेला आणि तिथे तुमच्यातर्फे कोण हजर होतं, तुमची रक्कम कोणाच्या खात्यातून आली, तुमचं स्वतःचं जीएसटी बिल कोणाच्या नावावर निघालं. या शेवटच्या दोन रकान्यांत फॉरवर्डरचंच नाव आलं किंवा ‘रोख’ आलं, तर तुमच्या वकिलाला ते आधी कळू द्या. विभागाकडून कळलं तर फार उशीर झालेला असतो. ज्या बिलांवर तुम्ही किंवा मुलाने खरोखर काम केलंय ती बाकीच्यांपासून वेगळी काढता आली तर प्रकरणाचं वजनच बदलेल.

समन्स सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८चं आहे. जावंच लागतं. तिथे दिलेला जबाब पोलिसांपुढच्या जबाबासारखा नसतो. तो पुरावा म्हणून वापरला जातो आणि खोटा दिला तर तो स्वतंत्र गुन्हा. वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर बसू देण्याची विनंती लेखी करा, न्यायालयांनी काही प्रकरणांत ती मान्य केलेली आहे. खरं तेच सांगा, पण नेमकं सांगा. ‘मी लायसन त्याला वापरायला दिलं होतं’ असं दमलेल्या माणसाने संध्याकाळी सात वाजता सही केलेलं एक वाक्य पुढे पाच वर्षं पाठ सोडत नाही. टोकन अमुक महिन्यांत त्याच्या ऑफिसात होतं, अमुक बिलं मी पाहिली, अमुक पाहिली नाहीत, असं सांगा. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. जबरदस्ती झाली असेल तर दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा, सहा महिन्यांनी केलेल्या माघारीला कोणी विचारत नाही. परताव्याची रक्कम मोठी असेल तर समन्सला जाण्यापूर्वीच फौजदारी वकिलाचाही सल्ला घ्या.

पुढच्या आठवड्यातली सुनावणी नियम १६ची. आधी निलंबन, मग म्हणणं ऐकणं, असा तिचा उलटा क्रम आहे. निलंबनापासून १५ दिवसांत सुनावणी आणि सुनावणीपासून १५ दिवसांत आदेश. इथे लायसन राहणार की जाणार हे ठरत नाही, चौकशी होईपर्यंत निलंबन चालू ठेवायची गरज आहे का एवढंच ठरतं. म्हणून सगळं पुराण तिथे वाचू नका. टोकन परत घेतलं, प्रमाणपत्र बदललं, त्या फॉरवर्डरचं काम बंद केलं, व्यवहार जुने आहेत, चौकशीला सहकार्य करतोय, इतकी वर्षं रेकॉर्ड स्वच्छ आहे, हे दोन पानांत मांडा. ज्या कागदांवर निलंबन उभं आहे त्यांच्या प्रती मागा.

खरी लढाई नियम १७ची. गुन्ह्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत नोटीस, तुम्हाला उत्तराला ३० दिवस, मग चौकशी अधिकारी, साक्षीदारांची उलटतपासणी, त्याचा अहवाल आणि शेवटी आयुक्तांचा आदेश. फॉरवर्डरचा जबाब तुमच्याविरुद्ध वापरणार असतील तर त्याची उलटतपासणी न विसरता लेखी मागा. मुदत उलटली म्हणून प्रकरण आपोआप पडेल या भरवशावर राहू नका. दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांनी या मुदती बंधनकारक मानल्यात, पण मुंबई उच्च न्यायालयाने युनिसन क्लिअरिंग प्रकरणात २०१८ साली त्या केवळ मार्गदर्शक ठरवल्या. तुमचं लायसन मुंबईचं आहे, तुम्हाला मुंबईचाच निकाल लागू. उशिराचं कारण मात्र विभागाला द्यावं लागतं, तेवढं पदरात पाडून घ्या.

लायसन कायमचं जाईल का? केवायसीच्या मुद्द्यावर वाचण्याची शक्यता बरी आहे. टोकनच्या मुद्द्यावर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ब्रोकरवर व्यापारी आणि सरकार दोघेही विसंबून असतात, हेतू नसतानाही नियम मोडला तरी शिक्षा होऊ शकते, या भूमिकेला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गणात्रा प्रकरणात दुजोरा दिलाय. म्हणून तिथे जोर शिक्षेच्या प्रमाणावर द्यायचा. आयुक्तांकडे लायसन रद्द करण्याखेरीज पर्याय आहेत : ५ लाखांच्या तुमच्या अनामतीतून काही भाग जप्त करणं आणि नियम १८ खाली ५० हजारांपर्यंत दंड. आदेश विरोधात गेलाच तर तो हातात पडल्यापासून तीन महिन्यांत मुंबईच्या न्यायाधिकरणात अपील. पूर्ण ५० हजारांचा दंड लागला तरी अपिलासाठी आधी भरायचे साडेसात टक्के, म्हणजे ३,७५० रुपये.

राहिला मुलगा. २०२१पासून लायसनला नूतनीकरण लागत नाही, ते आयुष्यभराचं झालं, पण ते तुमच्या आयुष्यभराचं. नावावर करून देण्याची सोय नाही. त्याला स्वतःच लायसन घ्यावं लागेल. पदवी आहे, जी-कार्डवर दोन वर्षांहून जास्त अनुभव आहे, म्हणजे पात्रता जमते. ५ लाखांच्या मालमत्तेचा दाखला, नासिनची (कस्टम्सची प्रशिक्षण अकादमी) लेखी आणि तोंडी परीक्षा, मग बाँड आणि अनामत. एक धोका मात्र आहे. सीमाशुल्क कायद्याखाली दंड झालेला माणूस अर्जालाच अपात्र ठरतो. तेव्हा त्या तीन एक्स्पोर्टरांच्या कागदांवर त्याची सही कुठे कुठे आहे ते आधी तपासा आणि असेल तर त्याचा वकील वेगळा करा. त्याचं आणि तुमचं हित इथे एकच असेल असं नाही.

तोवर घर चालवायला एखाद्या मित्राच्या लायसनवर बिलं फाइल करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, तो याच गुन्ह्याचा दुसरा अंक होईल. आयातदार-निर्यातदाराला स्वतःच्या मालाचं काम करायला ब्रोकरचं लायसन लागत नाही, तो ते स्वतः किंवा आपल्या कर्मचाऱ्यामार्फत करू शकतो. तुमच्या जुन्या, खात्रीच्या एखाद्या ग्राहकाने मुलाला रीतसर पगारावर ठेवलं आणि त्याने फक्त त्याच कंपनीचं काम केलं तर त्यात गैर काही नाही. नेमणूकपत्र मात्र आजच्या तारखेचं असू द्या.