‘क्लॉक टॉवर’ हा शब्द आधी खोड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्हीटी स्टेशनवरचं तुझं टिपण वाचलं, रेखाटनही बघितलं. ‘व्हीटीचा क्लॉक टॉवर’ असं तू तीनदा लिहिलंयस. आधी तो शब्द खोड. व्हीटीला, म्हणजे आपल्या सीएसएमटीला, घड्याळाचा वेगळा मनोराच नाही! लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनला वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने इमारतीच्या एका टोकाला मनोरा चढवून त्यात घड्याळ बसवलं. आपला राजाबाई टॉवरही त्याच्याच आराखड्यातला, १८७८ साली पुरा झालेला. त्याच वर्षी व्हीटीचं काम सुरू झालं. तिथे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने घड्याळ मधल्या दर्शनी भिंतीच्या कपाळावर घेतलं आणि मागे अष्टकोनी घुमट उभा केला. घुमटावर मशाल आणि आऱ्यांचं चाक घेतलेली ‘प्रगती’. मूर्ती, घुमट, घड्याळ, सगळं एका उभ्या रेषेत. तुझ्या रेखाटनात ही रेषा हुकली आहे, म्हणून इमारत एका बाजूला कलल्यासारखी वाटते.

घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो उतरवला. तू ती जागा नक्षीने भरून टाकलीस. तसं करू नकोस, रिकामी आहे तर रिकामीच काढ.

‘गॉथिक आणि भारतीय शैलींचा सुंदर संगम’ हे वाक्यही काढून टाक. ते कुणीही न बघता लिहू शकतं. त्यापेक्षा घुमटाखालचा जिना बघायला मिळाला तर खालून वर बघ. प्रत्येक दगडी पायरीचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं मोकळं, खाली आधार नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाय टाकायलाच बिचकलो होतो. इतक्या वर्षांनीही तो जिना मला घुमटापेक्षा जास्त आवडतो.

कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतल्या, आजच्या जे. जे.तल्या, विद्यार्थ्यांचा हात आहे. तुझ्याच वयाची मुलं होती ती. शेजारच्या दोन खांबांच्या माथ्यावरची पानं काढ, सारखी आहेत का ते मला कळव. मोर सापडला तर तोही काढ.

दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. सकाळी गेलीस तर दगड सपाट दिसेल. चारनंतर जा, महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर थांब. ती इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ सालची, पण आज तिच्याकडे पाठ कर. तिरकं ऊन घड्याळाच्या कडेवर आलं की पेन्सिल काढ. फोटो नकोत, वही पाठव.