टीममध्ये सगळेच हुशार, तरी काम का रखडतं?

तुमचा प्रश्न असा आहे: टीममधले पाचही जण हुशार आहेत, तरी काम रखडतं, आता सहावा माणूस घ्यायचाय, तो कसा असावा?

माझं मत विचाराल तर आणखी एक तसाच हुशार माणूस घेऊ नका. तुमच्या टीममध्ये जे काम प्रत्येक जण टाळतो, ते आवडीने करणारा कोणीतरी शोधा.

तुम्ही सांगताय तो प्रकार मेरेडिथ बेल्बिन या ब्रिटिश संशोधकाने फार बारकाईने पाहिला होता. इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात प्रशिक्षणार्थींचे गट पाडून त्यांना कंपनी चालवण्याचा खेळ दिला जायचा. बुद्धिमत्ता चाचणीत वरचे गुण मिळवणाऱ्यांना बेल्बिन यांनी मुद्दाम एका गटात बसवलं आणि अशा गटांना ‘अपोलो’ नाव दिलं. हे गट सहज जिंकतील असं वाटत होतं, पण ते बऱ्याचदा मागे पडले. प्रत्येक जण आपलाच मुद्दा पटवून देण्यात गुंतलेला, समोरच्याच्या बोलण्यातली खोट काढण्यात तरबेज, त्यामुळे निर्णय होईना. साधी पण तातडीची कामं तशीच पडून राहायची. तुमच्या मीटिंगा अशाच होतात का, एकदा बघा.

१९८१ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी टीमला लागणाऱ्या वेगवेगळ्या भूमिका मांडल्या. पुढे ती यादी नऊवर गेली. नवी कल्पना काढणारा, ती पारखणारा, बाहेरच्या लोकांशी संधान बांधणारा, हाती घेतलेलं तडीस नेणारा, अशी ती यादी आहे. एकच माणूस दोन-तीन भूमिका निभावू शकतो, त्यामुळे नऊ माणसं गोळा करायची गरज नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. वेगळ्या गुणाची माणसं आणली तरी त्यांचं वेगळेपण टेबलावर यावं लागतं, आणि ते आपोआप येत नाही. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या गटांना काही उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सगळ्यात चांगल्या उमेदवाराची माहिती त्यांनी तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या सदस्यांकडे दिली होती. गट चर्चेला बसले आणि जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं त्यावरच बोलत राहिले. एकेकाकडेच असलेली माहिती पुरेशी पुढे आली नाही, आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला.

माझ्या टीममधली एक सहकारी प्रत्येक बदलाआधी एकच विचारते, “हे फसलं तर मागे कसं यायचं?” नवे लोक सुरुवातीला वैतागतात. एकदा रात्री जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात हलवताना काम अर्ध्यात अडकलं. तिच्या आग्रहामुळे जुनी प्रत जपलेली होती, परत फिरायच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या होत्या. सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा सगळं पूर्ववत चालू होतं. ज्याने त्या नव्या सिस्टिमचा आराखडा झपाट्याने उभा केला तो आमचा सगळ्यात कल्पक माणूस आहे, आणि या पायऱ्या त्याने कधीच लिहिल्या नसत्या. तिनेही तो आराखडा काढला नसता. आता तो स्वतःच काम सुरू करण्याआधी तिच्याकडे जातो. हे घडतं कारण कोणाला काय येतं हे दोघांनाही नीट ठाऊक आहे.

म्हणून आधी गेल्या काही महिन्यांत रखडलेली कामं काढा आणि प्रत्येक नेमकं कुठे अडलं ते लिहा. कल्पनेपाशी अडलं, निर्णयापाशी, की शेवटच्या तपासणीपाशी? बहुधा एकच जागा पुन्हा पुन्हा दिसेल. सहावा माणूस त्या जागेसाठी घ्या. आणि तो आल्यावर मीटिंगमध्ये चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाला आपलं म्हणणं दोन ओळींत लिहायला सांगा. नाहीतर पाच जणांच्या आवाजात नव्या माणसाचं म्हणणं ऐकूच येणार नाही, आणि तुम्ही त्याला घेतलंय ते नेमकं त्याचसाठी.